बांधाचं भोक आणि पुळणीवरची सभा

एका जंगलात... असं मी सुरू करणार होतो, मुलांनो. पण जंगल फार मोठं असतं. तिथे एखाद्याला पटलं नाही तर तो उठतो, दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसतो आणि गोष्ट तिथेच संपते. म्हणून ही गोष्ट एका बेटावर घडते. बेटावरून उठून जायचं म्हटलं की पहिला पाय पाण्यातच पडतो.

बेट अगदी लहान होतं. खाडीच्या तोंडाशी. या टोकाला टिटवी ओरडली की त्या टोकाची बकरी दचकायची. कडेने कांदळवन, चार माड आणि मधोमध गोड्या पाण्याचं एक तळं. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये गोडं. दोघांच्या मध्ये चिखलाचा एक बांध. बांध नसला तर तळं नाही, आणि तळं नसलं तर बेटावर राहणं नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मागे कुजबुजणाऱ्यांनीसुद्धा लक्षात ठेवा.

पूर्वी त्या बेटावर एका मगरीचं राज्य होतं. तिच्या कारभारात प्रत्येकाचा सहभाग होता, फक्त कोणाचा नंबर कधी लागेल ते आधी कळत नसे. मग एका पुराबरोबर मगर समुद्रात वाहत गेली ती परत आली नाही. प्राण्यांनी दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी आनंद केला आणि चौथ्या दिवशी स्वराज्य स्थापन केलं.

आता स्वराज्य म्हटलं की सभा आली. सभा कुठे भरवायची? बांधावर नको, तिथे बेडूक राहतात. कांदळवनात नको, तिथे पक्ष्यांची घरं. मग एका म्हाताऱ्या कासवाने सुचवलं, "ओहोटीला बांधाच्या टोकाशी पुळण उघडी पडते. ती वाळू कोणाचीच नाही, म्हणजे सगळ्यांची. तिथे भरवा."

सगळ्यांना ते पटलं. नियमही ठरले. पुळण कोरडी झाली की सभा सुरू. भरतीच्या पाण्यात अध्यक्षांचे गुडघे बुडाले की सभा संपली. जो पुळणीवर उभा असेल त्याला बोलायचा हक्क आणि पाय वर करून मत द्यायचा हक्क. आणि ठराव सगळे शेवटी, म्हणजे आधी प्रत्येकाला पोटभर बोलता येईल.

मुलांनो, हे नियम चांगल्या मनाने केले होते. खरंच. म्हणून तर त्यांच्यात काय गोम आहे ते कोणाला दिसलं नाही.

पहिल्याच सभेत अध्यक्षांची निवड हा शेवटचा विषय होता. तोवर पाणी चढलं होतं. बेडूक केव्हाच बांधावर परतले होते, कारण बेडकाच्या कातडीला खारं पाणी लागलं की आग होते आणि जास्त वेळ लागलं तर जीव जातो. कासवाला झोप लागली होती. पुळणीवर उरले होते पाच बगळे आणि काटकुळ्या लाल पायांचा एक पक्षी, ज्याला शेकाट्या म्हणतात. सहाजणांनी एकेक पाय वर केला. ते तसेही एका पायावरच उभे होते. ढोकतात्या नावाचा उंच राखी बगळा बिनविरोध अध्यक्ष झाला आणि शेकाट्या झाला चिटणीस.

ढोकतात्या वाईट नव्हता हं. सगळ्यांना नमस्कार करायचा, पोरांची चौकशी करायचा. पोरांची जरा जास्तच करायचा, पण बगळ्याला बेडकांच्या पोरांबद्दल आस्था असणारच. चिटणीसही कामसू होता. त्याने बांधाच्या टोकाला मोठी पाटी लावली: 'आपलं बेट, आपला कारभार! सहभागी व्हा!' टिटवीला दवंडीचं काम दिलं. ती दिवसभर बेटावर घिरट्या घालत ओरडायची, "सहभागी व्हा! सहभागी व्हा!"

या पाटीवर ज्यांचा मनापासून विश्वास होता त्यांत पहिली होती सारजा बेडकी.

सारजा तळ्याच्या काठी राहायची. त्या वर्षी तिला तीनशे पिल्लं झाली होती. अजून शेपटीवालीच होती, पाय फुटायचे होते. सारजा रोज सकाळी तळ्यावर एक फेरी मारायची आणि पाण्याची चव घ्यायची. एका सकाळी तिने चव घेतली आणि तिच्या जिभेला खारट लागलं. अगदी थोडं.

ती बांधाच्या कडेकडेने शोधत गेली. तळाशी एक भोक होतं, करवंदाएवढं. त्यातून बाहेरचं पाणी थेंबथेंब आत येत होतं.

"म्हाद्या! ए म्हाद्या! हे भोक तुझंच ना रं?"

म्हाद्या खेकडा शेजारच्या बिळातून तिरका तिरका बाहेर आला. "माजंच हाय, सारजाबाय. जुनं घर ते. पावसाळ्यात सोडलं. बुजवायचं राहिलं बग." त्याने भोकात नांगी घालून पाहिली. "वाढतंय. नऊ दिसांनी आवस हाय. अवसेचं उधाण आलं तर बांध तग धरनार नाय हिथं."

"आन माजी पोरं?"

खारं पाणी आत आलं तर पाय न फुटलेल्या पिल्लांचं काय होतं, ते दोघांनाही माहीत होतं.

"चल," म्हाद्या म्हणाला, "आत्ताच बुजवू. तू आतून चिखल आन, मी बाहेरून ठोकतो. उन्हं चढायच्या आत व्हतंय."

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. मीही खूश झालो असतो, तुम्हीही घरी गेला असता. पण सारजाने मान हलवली.

"असं कसं बुजवू? बांध काय माज्या एकटीचा हाय? सगळ्यांचा हाय. पाटीवर काय लिवलंय? आपला कारभार. परवा सभा हाय. सभेत मांडू, सगळे मिळून करू. न विचारता करायला आपन काय मगर हाय?"

म्हाद्याला हे फारसं कळलं नाही. पण सारजा शिकलेली होती, पाटी वाचायची. तो तिरका तिरका बिळात परतला.

सारजाने केवड्याच्या पानावर अर्ज लिहिला. चिटणिसाने तो दोन्ही पंखांनी घेतला आणि म्हणाला, "वा! बेटाला अशाच जागरूक सदस्यांची गरज आहे. आपला विषय घेतला आहे. विषय क्रमांक अकरा."

सभेच्या दिवशी सारजा सगळ्यांत आधी पुळणीवर जाऊन बसली. ओली वाळू पायांना चुरचुरत होती. म्हाद्या शेजारी होता. चंद्री बकरी आली, कासव आलं, टिटवी आली. ढोकतात्या आला, सगळ्यांना नमस्कार करून मध्ये उभा राहिला.

विषय क्रमांक एक: मागच्या सभेचा वृत्तांत वाचणे. चिटणिसाने सावकाश वाचला. विषय दोन: वृत्तांत छान वाचल्याबद्दल चिटणिसाचं अभिनंदन. विषय तीन: पाटीचा रंग. इथे चर्चा रंगली. चंद्री बकरीने हिरवा सुचवला, कारण तिला हिरवं आवडतं. विषय चार: गेलेल्या मगरीला श्रद्धांजली वाहायची की नाही. यावर दोन मतं पडली आणि दोन्ही मतं लांबलचक होती.

विषय सातला पाण्याची पहिली रेघ पुळणीवर आली.

"तात्या," सारजा उभी राहून म्हणाली, "माजा विषय जरा आदी घ्या की. पानी चढतंय."

ढोकतात्या हसला. "सारजाबाई, आपली तळमळ मला समजते. पण आज तुमचा विषय पुढे घेतला तर उद्या प्रत्येकाचा घ्यावा लागेल. सगळ्यांना समान न्याय, नाही का?"

"बरोबर आहे," चंद्री म्हणाली. बकरीला विषय नऊपर्यंत उभं राहता येत असे, त्यामुळे तिला सभा एकंदरीत बरी वाटायची. तिच्या मते बेडकांच्या अंगी धीर कमी होता.

विषय आठला पाणी सारजाच्या बोटांना लागलं. तिने पाय आखडून घेतले. मग पोटाला लागलं. ती आणखी थोडा वेळ थांबली, डोळ्यांत पाणी आलं तरी थांबली. मग तिला उड्या मारत पळावं लागलं. म्हाद्या थांबला, पण विषय अकरापर्यंत तोही पूर्ण बुडाला होता. तो पाण्याखालून जिवाच्या आकांताने बोलला. वर नुसते बुडबुडे आले.

दुसऱ्या दिवशी वृत्तांत पाटीखाली लागला. 'विषय क्र. ११: बांधाचे कथित भोक. विषय मांडणाऱ्या सदस्येने सभात्याग केला. खेकडा सदस्यांनी बुडबुडे काढले, त्याची नोंद घेण्यात आली. तथापि सभेने विषयाचे गांभीर्य ओळखून बांध पाहणी समिती नेमली. भोक बाहेरच्या अंगाने, पाण्यात उभे राहून पाहावे लागणार असल्याने समितीवर लांब पायांचे सदस्य घेण्यात येत आहेत.'

सारजाने ते दोनदा वाचलं. "म्या कुटं सभात्याग केला?" ती चिटणिसाकडे गेली.

"आपण गेलात ना?"

"पानी आलं म्हनून गेले!"

"कारण लिहायला वृत्तांतात रकाना नाही," चिटणीस नम्रपणे म्हणाला. "पण मनाला लावून घेऊ नका. समिती येईल. पुढच्या सभेत अहवाल ठेवेल. आपण जरूर या. सहभागी होत राहा."

तीन दिवस झाले, समिती आली नाही. बगळ्यांची समिती होती आणि खाडीत मासे लागले होते. भोक करवंदाचं आंब्याएवढं झालं. तळ्याच्या कडेला पाच-सहा पिल्लं उलटी तरंगताना दिसली. सारजाने ती मोजली नाहीत. ती सरळ म्हाद्याच्या बिळाशी गेली.

"चल," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी दोघांनी काम केलं. ती तोंडाने तळाचा चिकट चिखल आणायची, तो नांगीने ठोकून बसवायचा. मध्येच कासव आलं, काही न विचारता पाठीने रेटा देऊन गेलं. दुपारपर्यंत भोक बुजलं. म्हाद्याने वर पाय आपटून पाहिला. पाण्याचा एक थेंबही आत येत नव्हता. सारजाने तळ्याची चव घेतली आणि ती तिथेच बसून रडली. आनंदाने रडली, मुलांनो, आणि मला वाटतं बेटाच्या इतिहासात स्वराज्य म्हणतात ते त्याच दुपारी काय ते झालं.

दुसऱ्या दिवशी समिती आली.

समितीने बाहेरच्या अंगाने पाण्यात उभं राहून पाहिलं. भोक नव्हतं.

"भोक कुठे आहे?" समितीने विचारलं.

"बुजवलं," सारजा म्हणाली.

समितीने एकमेकांकडे पाहिलं. "कोणाच्या परवानगीने?"

त्या आठवड्याच्या सभेत सारजाचा विषय क्रमांक एक होता. पुळण अजून धड वाळलीही नव्हती. बेटावरचे झाडून सगळे आले होते, कारण टिटवीने सकाळपासून दवंडी पिटली होती. अमावस्या दुसऱ्या दिवशी होती.

ढोकतात्याचा आवाज फार दुःखी होता. "मित्रहो, सारजाबाईंवर माझा काडीइतकाही राग नाही. त्यांनी चांगल्या हेतूनेच केलं. पण बांध कोणाचा? सगळ्यांचा! मग सगळ्यांना न विचारता दोघांनी त्याला हात लावावा का? आज चिखल घातला, उद्या कोणी चिखल काढील. मगर तरी दुसरं काय करत होती? तीही कोणाला विचारत नव्हती."

सभेत शहारा आला. मगरीचं नाव निघालं की सगळ्यांना शहारा यायचा.

"माज्या पोरांसाठी केलं, तात्या," सारजा म्हणाली. "आन तुमच्या पन पान्यासाठी."

"तेच तर!" ढोकतात्या म्हणाला. "आमच्या पाण्यासाठी केलंत आणि आम्हालाच सहभागी करून घेतलं नाहीत."

यावर टाळ्या पडल्या. चंद्री बकरीलाही वाटलं, खरंच की, आपल्याला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर आपण आलो असतो का, हा विचार तिच्या मनात आला नाही.

कासवाने मान बाहेर काढली. "अरे, पण भोक बुजलंय ना?"

"प्रश्न भोकाचा नाही," चिटणीस म्हणाला, "प्रश्न पद्धतीचा आहे."

मग ढोकतात्याने ठराव मांडला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तो सगळ्यांसमोर, कोरड्या वाळूवर मांडला. "बेटाचं काम नियमाने व्हावं की मन मानेल तसं? नियमाने व्हावं असं ज्यांना वाटतं त्यांनी पाय वर करा."

सगळ्यांनी पाय वर केले. कासवाने केला, टिटवीने केला, चंद्रीने तर दोन केले. म्हाद्याने सारजाकडे पाहिलं. सारजानेही पाय वर केला, आणि तिचं पाहून म्हाद्याने केले. सारजालाही काम नियमानेच व्हायला हवं होतं. पहिल्यापासून ती तेच म्हणत होती.

"एकमताने मंजूर!" चिटणीस म्हणाला. "ठरावानुसार, भोक आहे त्या स्थितीत समितीला दाखवण्यासाठी आज सायंकाळपर्यंत उघडण्यात यावं. समिती पाहणी करील, त्यानंतर ते रीतसर बुजवण्यात येईल."

"समिती येनार कदी?" म्हाद्याने विचारलं.

"उधाणात आमचेही पाय पुरत नाहीत," ढोकतात्या म्हणाला. "उधाण ओसरलं की लगेच."

म्हाद्या नांगी उगारून पुढे झाला. "म्या नाय उघडनार!"

"तूही पाय वर केलास," चिटणीस वहीत पाहून म्हणाला. "आठही."

शेवटी भोक दोन बगळ्यांनी चोचीने उघडलं. सारजा समोर बसून होती. तिने त्यांना हात जोडले. त्यांनीही तिला नमस्कार केला, आणि चोच मारत राहिले.

अमावस्येला भर दुपारी उधाण आलं. पाणी आधी भोकातून आलं, मग भोकाच्या कडेने आलं, आणि मग तो बांधच बसला. हातभर नाही, दोन माड आडवे मावतील एवढा. खारं पाणी तळ्यात शिरलं ते थेट पलीकडच्या काठाला जाऊन आपटलं.

सारजाने एक नारळाची करवंटी तळ्यात बुडवली, गोडं पाणी अजून जिथे होतं तिथे. तिच्यात पिल्लं घेतली. करवंटी केवढी असते तुम्हाला माहीत आहे. जेवढी मावली तेवढी घेतली. म्हाद्याने ती करवंटी पाठीवर तोलली आणि वाहत आलेल्या एका ओंडक्यावर चढवली. उरलेले बेडूकही ओंडक्यावर चढले. भरतीचं पाणी खाडीतून आत, वर, नदीच्या दिशेला चाललं होतं. म्हाद्या मागून पोहत ओंडका ढकलत होता.

"मागं बगू नको, सारजाबाय," तो म्हणाला.

तिने मागे पाहिलं. तीनशेतली जी करवंटीत मावली नाहीत त्यांचं पुढे काय झालं, ते मी सांगणार नाही. तुम्हीही विचारू नका.

पुढच्या आठवड्यात सभा झाली. सभेला न भूतो अशी गर्दी होती. तळं खारं झाल्याने सगळे तहानलेले होते आणि सगळ्यांनाच काहीतरी विचारायचं होतं. फक्त लांब पायांच्या मंडळींची फारशी तक्रार नव्हती. तळ्यात आता खाडीचे मासे आले होते, आणि बांध पडल्यामुळे आत-बाहेर करणं सोपं झालं होतं.

ढोकतात्याने गर्दीकडे समाधानाने पाहिलं. "मित्रहो, आपल्या स्वराज्याच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा सहभाग आहे!"

विषय क्रमांक एक: मागच्या सभेचा वृत्तांत वाचणे. विषय दोन: विक्रमी उपस्थितीबद्दल अध्यक्षांचं अभिनंदन. विषय तीन: पाटीचा रंग, कारण पाटी बांधाबरोबर वाहून गेली होती आणि नवी लावायची होती. विषय चार चिटणिसाने खालच्या आवाजात वाचला: "या सभेला बेडूक समाजाचा एकही सदस्य उपस्थित नाही. मागील सभांतही ते शेवटपर्यंत थांबलेले नाहीत. बेटाच्या कारभाराबाबत त्यांची ही उदासीनता ही सभा खेदपूर्वक नोंदवत आहे."

सगळ्यांनी खेदाने पाय वर केले.

चंद्री बकरीची जीभ कोरडी पडली होती. खळग्यांत उरलेलं गोडं पाणी कालच संपलं होतं, आणि तिच्या दोन करडांनी सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. ती पुढे झाली. "तात्या, पिण्याच्या पाण्याचं काय?"

"घेतला आहे ना," ढोकतात्या प्रेमाने म्हणाला. "विषय क्रमांक बारा."

चंद्रीने मान हलवली आणि ती मागे येऊन उभी राहिली. विषय पाच सुरू झाला. पाण्याची पहिली रेघ पुळणीवर आली आणि तिच्या खुरांना लागली. ती पुढचा कितीतरी वेळ स्वतःच्या पायांकडेच पाहत होती.

तात्पर्य: मुलांनो, भोक दिसलं तर ते बुजवू नये, त्याने कारभारात ढवळाढवळ होते. पाय वर करावा आणि वाट पाहावी, त्याने सहभाग होतो. सभेत शेवटपर्यंत उभं राहायचा हक्क प्रत्येकाला अगदी सारखा दिलेला असतो. पाय तेवढे ज्याचे त्याने घेऊन यायचे असतात.